राखीव कुणासाठी

बेतायच्या लांब टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप होता, दुसऱ्या टोकाला हिरव्या कॅनव्हासचा अर्धा गठ्ठा. आणि टेबलाखाली, चारी पायांना जाळी बांधून केलेल्या कुंपणात, आठ महिन्यांची सिग्ने. ही मांडणी ब्रिटाची. वाचता वाचता मान जराशी वाकवली की पोरीची छाती वरखाली होताना दिसायची. जानेवारीत जन्मली आणि पंधरवड्यात तिची छाती भरली. इस्पितळात काचेच्या पेटीबाहेर उभं राहून ब्रिटाने जो श्वास मोजायला सुरुवात केली तो अजून थांबलेला नव्हता. पोर आता चांगली गुटगुटीत झाली होती. आईचं मोजणं तेवढं राहिलं होतं.

शेड सासूची, मार्लिस टॉलेफसनची. बीट वाहणाऱ्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवून मार्लिस आणि तिचा नवरा आर्डेन यांनी संसार केला, पोरगा वाढवला. नवरा गेला, आणि हळूहळू ताडपत्र्याही गेल्या. आता शेतकरी कारखान्यातून तयार, बटन दाबलं की आपोआप गुंडाळणाऱ्या ताडपत्र्या आणत. शेडमध्ये नावेचं एखादं कव्हर, कुणाच्या अंगणातला शामियाना, एवढंच यायचं. ब्रिटाचा नवरा डर्क बीटच्या हंगामात ट्रकवर जाई, एरवी मिळेल ते करी. म्हणून ब्रिटाने फार्गो शहरातल्या विमा कंपनीत अर्ज केला होता, आणि त्यांनी तिला बोलावलं होतं. पगार चांगला. जायला दीड तास, यायला दीड तास. पोर पाळणाघरात, जिथे एका खोलीत पंधरा मुलं आणि पंधरा जणांचा खोकला. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा होता.

तेवढ्यात हवाई तळाचं टेंडर निघालं. सरकारचं वर्ष सप्टेंबरअखेर संपतं, त्याआधी राहिलेली खरेदी उरकायची घाई असते. कडाक्याच्या थंडीत विमानाच्या पोटात गरम हवा सोडणारी यंत्रं असतात, त्यांच्यासाठी कॅनव्हासची कव्हरं. तीन वर्षांचं काम. मार्लिसला शिवणं येत होतं, ब्रिटाला कागद वाचणं. काम मिळालं तर दोघी शेडमध्ये, आणि सिग्ने टेबलाखाली. नाही मिळालं तर फार्गो.

टेंडरच्या पहिल्याच पानावर ठळक लिहिलं होतं: हे काम फक्त छोट्या उद्योगांसाठी राखीव आहे.

"वाचलंत?" ब्रिटाने स्क्रीन वळवून दाखवली. "आपल्यासाठीच आहे. राखीव!"

मार्लिसने चष्मा नाकावर सरकवला, ओळ वाचली आणि म्हणाली, "बरंय." मार्लिसच्या तोंडून 'बरंय' निघालं म्हणजे दुसऱ्या एखाद्या बाईने उडी मारली असती, असं डर्क म्हणायचा.

टेंडर सत्तरेक पानांचं. त्यात जागोजाग सरकारी खरेदी नियमांचे क्रमांक. एक क्रमांक उघडला की नवं पान, त्या पानात आणखी क्रमांक. ब्रिटा कॉलेज शिकलेली, पण तिथे इतिहास शिकली होती. तहांची कलमं वाचायची सवय होती, खरेदीची नव्हती. तरी तिने नेटाने वाचलं. तिसऱ्या दिवशी ती ज्या कलमाशी आली त्यात छोट्या उद्योगांमध्येही कुणाला झुकतं माप द्यायचं ते सांगितलं होतं. पोटकलम 'क', माजी सैनिकांचे उद्योग. 'ख', स्त्रियांच्या मालकीचे. इथे तिचं मन सुखावलं, कारण शेड मार्लिसच्या नावावर. मग 'ग'. 'ग'पुढे चौकटी कंस, आणि कंसात एकच शब्द.

राखीव.

बस. कुणासाठी, काय, किती, काही नाही. पुढची ओळ सरळ 'घ'.

ब्रिटाने पान ताजं करून पाहिलं. वाटलं, मजकूर उमटायचा राहिला असेल. तेच. पहिल्या पानावर 'छोट्यांसाठी राखीव' म्हटलं तेव्हा राखीव कुणासाठी ते तरी सांगितलं होतं. इथे नावही नाही. नाव लिहायचीही लाज वाटली असेल.

मग तिने करू नये ते केलं. सगळ्या नियमावलीत तो शब्द शोधायला लावला. आणि तो निघतच गेला. भागच्या भाग राखीव. एका प्रकरणात लागोपाठ चार कलमं राखीव. चर्चच्या तळघरातल्या जेवणाला जाऊन पाहावं तर प्रत्येक खुर्चीवर कुणाचा तरी कोट आधीच टाकलेला असावा, तसं. इतक्या सगळ्या जागा धरून बसलेत तरी कोण? आणि आपण त्या दाराशी पोर काखेत घेऊन निघालोय.

"मार्लिस," ती म्हणाली, "जरा बघता का हे?"

मार्लिसने मशीन थांबवलं, येऊन पाहिलं.

"उफ् दा," ती म्हणाली. तिच्या नॉर्वेजियन घराण्यातलं 'अरे देवा'. "व्हर्न."

"कोण व्हर्न?"

"स्टुकेल. पलीकडच्या गावातला. ताडपत्र्याच शिवतो. त्याचा मेहुणा तळावर कामाला आहे."

"तो तिथे बर्फ काढतो ना?"

"बर्फ काढता काढता माणूस बरंच काही काढतो." मार्लिसने चष्मा कपाळावर चढवला. "सोड पोरी. आधीच ठरलेलं असेल तर आपण कशाला रात्रंदिवस खपायचं? आर्डेन असताना एकदा असंच झालं. महिनाभर नमुने शिवून दिले, आणि काम गेलं भलत्यालाच. तेव्हापासून मी सरकारच्या दाराला हात लावला नाही. तू सांगितलंस म्हणून या खेपेला…" वाक्य अर्धंच टाकून ती मशीनकडे गेली.

त्या 'तू सांगितलंस म्हणून'चं ब्रिटाला ओझं वाटलं. सासूसुनेत भांडण कधीच झालं नव्हतं. पण भांडण व्हायला जेवढं बोलणं लागतं तेवढंही झालं नव्हतं. मार्लिस दर रविवारी ओव्हनमध्ये भाजलेल्या हॉटडिशचं भांडं आणून ठेवायची, भांडं धुऊन परत न्यायची. माया काय ती त्या येण्याजाण्यात. आणि इथे ब्रिटाने म्हातारीला तीस वर्षांनी दारापर्यंत आणून पुन्हा तोंडघशी पाडलं होतं.

सिग्ने टेबलाखाली खोकली. एकदाच. ब्रिटा खाली वाकली, कान लावून बसली. पोरीने हातातल्या कॅनव्हासच्या चिंधीची दशी तोंडात घातली होती, ती ओढून काढल्यावर ती खुदकन हसली. पण ब्रिटाच्या डोळ्यांपुढे फार्गोची ती खोली आली. तिथे कोण कान लावून बसणार?

टेंडरमध्ये लिहिलं होतं: शंका फक्त लेखी विचाराव्यात, सर्व शंका आणि त्यांचे खुलासे नाव न देता सर्वांना कळवले जातील. मुदत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

पहिला मसुदा तिने रागात लिहिला: 'आधीच ठरलं असेल तर आम्हाला बोलावता कशाला?' तो खोडला. दुसऱ्यात इतकी माफी मागितली होती की प्रश्न कुठे आहे तेच सापडेना. दुसऱ्या दिवशी सिग्नेला केळं भरवता भरवता एका हाताने तिने तिसरा लिहिला. 'पोटकलम ग राखीव आहे असे दिसते. ते कुणासाठी राखीव आहे, हे कळू शकेल का?' केळ्याचा हात स्क्रीनला लागला, पुसायला गेली तेव्हा प्रश्न निघून गेला होता. मार्लिसला तिने सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात तळावर यंत्रं पाहायचा दिवस होता. जो येऊन मापं घेणार नाही त्याची निविदा धरली जाणार नव्हती. "बघायला काय जातंय," मार्लिस म्हणाली खरी, पण तिने चांगला कोट घातला होता. डर्कने सकाळची फेरी दुसऱ्याला दिली आणि सिग्नेला घेऊन घरी थांबला.

"नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब कपाटात आहेत," ब्रिटा दारातून म्हणाली. "पालथी झोपली तर—"

"ब्रिट. मी तिचा बाप आहे. भाड्याने आणलेला नाही."

तळाच्या फाटकावर फोन काढून घेतले. ते तिला माहीत नव्हतं. पहारेकऱ्याच्या पेटीत फोन ठेवताना तिला स्वतःचा हातच ठेवून आल्यासारखं वाटलं.

मोठ्या शेडमध्ये सहासात जण जमले होते. हातात टेप, डोक्यावर टोप्या. आणि एकमेकांकडे बघायचं नाही असं ठरवून आल्यासारखे सगळे छताकडे बघत होते. मार्लिसने हनुवटीने दाखवलं. लाल टोपीवाला, रुंद खांद्यांचा तो व्हर्न स्टुकेल.

खरेदी अधिकारी आली. लोरेटा पिंकनी तिचं नाव. दूर दक्षिणेकडची सावळी, उंच बाई, सप्टेंबरातच तिने लोकरी गळपट्टा गुंडाळला होता आणि त्याबद्दल कुणी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, "हसा, हसा. बारा वर्षं झाली इथे, माझ्या हाडांना अजून कुणी कळवलेलं नाही."

थोडं हसू झालं. मग तिने खुलाशांचे कागद वाटले आणि एकेक प्रश्न वाचायला लागली. कापडाचा जाडपणा. रंग. पोचवायची मुदत. ब्रिटाने कागद उलटला, आणि तिचे कान तापले.

"पुढचा प्रश्न," लोरेटा वाचत होती. "पोटकलम ग राखीव आहे असे दिसते. ते कुणासाठी राखीव आहे, हे कळू शकेल का?"

व्हर्न हसला. साधंसुधं नव्हे, खदाखदा. पत्र्याच्या छपरात हसू घुमलं. "अरे बापरे! कुणाचं हे डोकं?"

आणखी दोघेतिघे हसले. हसण्यासारखं काय, ते त्यांना कळलं होतं की नाही, कोण जाणे. ब्रिटा कागदाकडे बघत राहिली. आपण कोण ते आता सगळ्यांना दिसतंय, कानांवरूनच दिसतंय, असं तिला वाटलं.

"माझं," मार्लिस म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण शेडमध्ये पोचला. मार्लिस एक पाऊल पुढे आली, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. "मी विचारलं. म्हातारी आहे, लिहिलंय ते वाचते. राखीव लिहिलंय, तर मला वाटलं कुणासाठी तरी असेल. तुझ्यासाठी असेल असं वाटलं, व्हर्न, खरं सांगायचं तर."

आता हसू व्हर्नवर उलटलं. तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला.

लोरेटा हसली नाही. तिने कागद खाली केला. "मॅडम, असे प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून माझी चिडचिड होते. खाली उत्तर छापलंय, पण ते आमच्या वकिलांच्या भाषेत आहे. मी माझ्या भाषेत सांगू?"

"सांगा," मार्लिस म्हणाली.

"आमच्या गल्लीत चौदा नंबरचं घर होतं. मी लहान असताना ते जळालं. माणसं वाचली, देवाची कृपा, पण घर काही पुन्हा बांधलं नाही. आता बारा नंबरनंतर मोकळी जागा, आणि मग सोळा. चौदा गेलं म्हणून सोळाला चौदा म्हणायचं का? म्हटलं तर अठराला सोळा म्हणावं लागेल. सगळ्या गल्लीची पत्रं भलत्याच्या घरी. पोस्टमन वेडा होईल. म्हणून नंबर तसाच राहू द्यायचा, आणि तिथे पाटी लावायची: इथे घर नाही." तिने कागदावर बोट टेकलं. "त्या पाटीला आम्ही 'राखीव' म्हणतो. कधी तिथे कलम होतं, ते काढलं. कधी पुढे लागलं तर असू दे म्हणून जागा सोडली. पण आत्ता तिथे काही नाही. आणि कुणीही नाही. शब्द वाईट निवडलाय, ते कबूल. पण मला विचारून निवडला नाही."

"म्हणजे तिथे कुणी बसलेलं नाही?" मार्लिसने विचारलं.

"कुणी बसलेलं नाही. तुम्ही सोळा नंबरला जा."

ब्रिटाच्या छातीवरून काहीतरी मोठं उचललं गेलं. सगळ्या नियमावलीतल्या त्या खुर्च्या, ते कोट, कोटच नव्हते. तिने आठवडाभर ज्यांचा हेवा केला, ज्यांच्या नावाने झोप घालवली, ती माणसंच नव्हती. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते, आणि या शेडमध्ये यातलं काहीच करून चालणार नव्हतं. म्हणून तिने टेप उघडला.

मापं घेता घेता तिच्या डोळ्यांना सवयीने जे दिसायचं ते दिसलं. जुनी कव्हरं सगळी एकाच ठिकाणी फाटली होती, बकलांपाशी. बकलं बारीक. आणि तीनचार यंत्रांवर तर बकलं सोडून सरळ दोरीने गाठ मारली होती.

"हे कोण बांधतं?" तिने तिथे उभ्या असलेल्या एका सार्जंट मुलीला विचारलं.

"आम्हीच. शून्याखाली तीस असलं की जाड हातमोजे घालून ती बकलं लागत नाहीत. हातमोजे काढले तर बोटं जातात. मग दोरी."

"आणि दुसरा हात?"

"दुसऱ्या हातात टॉर्च, नाहीतर नळी."

एका हाताने वळवळतं पोर धरायचं आणि दुसऱ्या हाताने अंगरख्याची बारीक बटणं लावायची, हे ब्रिटाला नवीन नव्हतं. घरी तिने सिग्नेची सगळी बटणं उसवून रुंद पट्ट्या शिवल्या होत्या, मुठीत धरून ओढता येतील अशा. ती मार्लिसकडे वळली, आणि तोंड उघडायच्या आत मार्लिस म्हणाली, "रुंद पट्टा. टोकाला मूठ जाईल एवढा फास."

"सुचवायचं असेल ते निविदेत लिहा," मागून लोरेटाचा आवाज आला. "माझ्या कानात सांगू नका, मला बहिरं राहायचा पगार मिळतो."

फाटकाबाहेर ब्रिटाने झडप घालून फोन घेतला. डर्कचा एकच निरोप होता: सिग्नेचा फोटो, केसांत केळं, खाली लिहिलेलं, 'दोघंही जिवंत'. ती फोटो छातीशी धरून उभी होती तेव्हा व्हर्न स्टुकेल त्यांच्या गाडीपाशी आला. टोपी हातात होती.

"मार्लिस," तो म्हणाला. "मी हसलो ते तुला नाही."

"मग माझ्या कोटाला?"

"दोन वर्षांमागे असंच एक टेंडर होतं." तो गाड्यांकडे बघत बोलत होता. "त्यातही होता हा शब्द. मला वाटलं तुझ्यासाठी राखून ठेवलंय. बायांचे उद्योग वगैरे. मी तो कागद फाडून चुलीत घातला, आणि बायकोला म्हटलं, टॉलेफसनबाईंची ओळख मोठी आहे. आज कागदावर खाली उत्तर वाचलं तेव्हा कळलं की मी रिकाम्या प्लॉटवर रुसलो होतो. हसू आलं ते त्याचं." त्याने टोपी चढवली. "विचारलंस ते बरं केलंस. मी तर जन्मात विचारलं नसतं."

"म्हणजे या खेपेला तू भरणार," मार्लिस म्हणाली.

"भरणार."

"भर. आम्हीही भरतोय."

गाडी महामार्गाला लागली. बीटचे ट्रक एकामागून एक जात होते, रस्त्यावर चिखलाचे गोळे पडत होते. ब्रिटाला धीर निघेना.

"तुम्ही माझा प्रश्न स्वतःवर का घेतलात? आणि मी विचारलं हे तुम्हाला कळलं कसं?"

"तुझे कान दिवे लावल्यासारखे झाले होते. आणि 'हे कळू शकेल का' असं मी कधी लिहीन? मी लिहीन, 'कोण आहे तो?'" मार्लिस रस्त्याकडे बघत होती. "माझं वय झालंय. मी मूर्खपणा केला तर लोक म्हणतात, असू दे, म्हातारी आहे. तुला या लोकांत अजून तीसचाळीस वर्षं काढायची आहेत. तुझं नाव स्वच्छ असलेलं बरं."

ब्रिटाला वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे. खरं तर पुष्कळ बोललं पाहिजे. तिला फक्त "थँक यू, मार्लिस" एवढंच जमलं.

"हं," मार्लिस म्हणाली. मग पुढचा ट्रक निघून गेल्यावर, "मूर्खपणा नव्हताच म्हणा तो. चांगला प्रश्न होता."

"पण त्या प्रश्नामुळे व्हर्नही भरणार. मी आपल्याच पायावर—"

"अगं, तो काय चोर आहे? त्यालाही दोन नातवंडं आहेत. त्याला काम मिळालं तर तो चांगलं शिवून मिळवेल. मेहुण्याच्या बर्फातून नव्हे."

निविदा त्यांनी दोघींनी मिळून भरली. ब्रिटा वाचायची, मार्लिस ऐकायची, जिथे 'राखीव' येई तिथे मार्लिस म्हणायची, "घर जळालं, पुढे चल." रुंद पट्ट्याचं चित्र मार्लिसने काढलं आणि एक नमुना शिवला. डर्कला हिवाळ्याचे हातमोजे घालायला लावले, एका हातात सिग्ने दिली आणि दुसऱ्या हाताने पट्टा बांधायला सांगितला. सिग्नेने दोनदा पट्टा तोंडात घातला, तरी त्याने बांधला. ते सगळं ब्रिटाने निविदेत व्यवस्थित लिहिलं, पोरीचा उल्लेख गाळून.

मग वाट बघणं. फार्गोच्या बाईचा दोनदा फोन येऊन गेला. गोड बोलायची, पण दुसऱ्या खेपेला तिने "शुक्रवार" हा शब्द जरा जोर देऊन उच्चारला. गुरुवारी ब्रिटाने नोकरीचे कपडे कपाटातून काढून पाहिले. बाळंतपणाआधीचा स्कर्ट कमरेला लागेना. ती पलंगावर बसली आणि स्कर्टवरच राग काढून रडली. डर्क दारात उभा राहिला, मग स्कर्ट उचलून नेला आणि आईकडे सैल करायला दिला. त्याला तेवढंच सुचलं. नंतर ब्रिटाला वाटलं, तेवढंच हवं होतं.

शुक्रवारी सकाळी मार्लिस त्या स्कर्टची शिवण उसवत होती तेव्हा शेडमधला फोन वाजला. मार्लिसने उचलला, ऐकलं, आणि "कागदाचं सून बघते, एक मिनिट" म्हणून ब्रिटापुढे धरला. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, त्यावरून काही कळेना.

"लोरेटा पिंकनी बोलतेय," फोनमधून आवाज आला. "तुमच्या सासूबाई म्हणाल्या, कागदाचं सगळं सून बघते. मग सूनबाई, कागद पाठवलेत, बघा. काम तुमचं. पट्ट्याची कल्पना आमच्या पोरांना फार आवडली. एकजण म्हणाला, हे ज्याने काढलं त्याने कधीतरी थंडीत एका हाताने काम केलंय."

ब्रिटा खाली बसली. टेबलापाशी, जाळीला टेकून. सिग्नेने जाळीतून बोट बाहेर काढून तिच्या पाठीत खुपसलं.

"आहात ना तिकडे?" लोरेटाने विचारलं.

"आहे," ब्रिटा म्हणाली. "आहे. मला तुमचे आभार… त्या दिवशी तुम्ही ते घराचं सांगितलंत ना, ते नसतं सांगितलं तर आम्ही…"

"ते तर माझं कामच, हनी."

"वकिलांच्या भाषेतलं उत्तर छापलेलं होतं. तेवढं वाचून दाखवलं असतं तरी तुमचं काम झालं असतं."

"हं," लोरेटा म्हणाली, आणि तिचा आवाज जरा बदलला. "असं कुणी म्हणत नाही सहसा. थँक यू."

फोन ठेवल्यावर ब्रिटाने आधी फार्गोला फोन लावला. बाईने अभिनंदन केलं, ते खरंच मनापासून वाटलं. मार्लिसने उसवलेला स्कर्ट उचलला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "मग याचं काय करू?"

"राहू द्या तसाच."

"उफ् दा," मार्लिस म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जागा सोडून हलला. तिने तोंड फिरवलं आणि चष्मा पुसायला घेतला, जो चष्मा चांगला स्वच्छ होता.

काम सुरू करायच्या बैठकीला दोघी तळावर गेल्या तेव्हा मार्लिसने रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्यांचं मोठं तबक नेलं. आभार तोंडाने मानायची तिच्या घराण्यात पद्धतच नव्हती.

"बाई गं," लोरेटा तबकाकडे बघत म्हणाली. "कंत्राटदाराकडून मला वीस डॉलरच्या वरचं काही घेता येत नाही. याची किंमत किती?"

"घरचं आहे. याला कसली किंमत?"

"किंमत नाही म्हणजे अनमोल. अनमोल तर वीसच्या वर गेलं. मला चालणार नाही."

मार्लिसने विचार केला. "रूबार्ब मागच्या अंगणातलं. साखर जुनी होती. दोन डॉलर लावा."

"दोन डॉलर," लोरेटा म्हणाली, आणि दोन वड्या उचलल्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कॅनव्हासचे नवे गठ्ठे आले. मार्लिसने पहिलं कव्हर मशीनला लावलं, ब्रिटा शेजारच्या मशीनवर पट्टे शिवायला बसली. सिग्ने खेळून खेळून कुंपणातच झोपली. थोड्या वेळाने मार्लिसच्या बॉबिनचा धागा संपला. मशीन थांबलं, आणि त्या अचानक शांततेत पोर चाळवली, भुवया आक्रसल्या, ओठ वाकडे व्हायला लागले.

"चालव, चालव," मार्लिस कुजबुजली, "तुझं चालव!"

ब्रिटाने घाईघाईने पाय दाबला. मशीन धडधडायला लागलं. पोरीच्या भुवया पुन्हा सैल झाल्या. मग ब्रिटाचा पट्टा संपत आला तेव्हा तिने सासूकडे पाहिलं. मार्लिसचं बॉबिन चढवून झालं होतं, तिने मान डोलावली आणि आपलं मशीन सुरू केलं. दुपारभर त्यांनी तसंच केलं, एक थांबायच्या आत दुसरी सुरू. संध्याकाळ होत आल्यावर ब्रिटाच्या लक्षात आलं की बऱ्याच वेळात तिने वाकून पोरीची छाती पाहिली नव्हती.